तिथीची पाऊणपट

माघ शु. ५
शेठजींसमोर बोलून बसलो. हिरड्याच्या गाड्या नेमाने पहिल्या कोंबड्याला पोलादपूर सोडतात, महाड बंदरात भरतीची वाट पाहत बसतात आणि तिसऱ्या दिवशी घरी. भरतीची वेळ धरून सोडल्या तर दुसऱ्या दिवशी परत. म्हणजे बारा गाड्यांचं काम आठांत! शेठजी म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत करून दाखवा. नाहीतर मास्तर, तुमची शाळा बरी." शाळा तर सोडून आलोय.

शु. ६
फजिती. भरतीची वेळ म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट; आज षष्ठी, म्हणजे साडेचार. चारला गाड्या बंदरात, मचवा चिखलात आडवा. आमचा म्होरका गाडीवान धोंडू सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, पाटीवर भरती येत नाय हो." कान लाल झाले.

शु. ७
स्वतः महाडला. मचव्याचा तांडेल हसनचाचा पोट धरून हसला. "ती पाऊणपट खाडीच्या तोंडाची! हितवर पानी चढायला अडीच तास लागतात." कोकणात जन्मून एवढं ठाऊक नसावं! आज सप्तमी, सव्वापाच अधिक अडीच. संध्याकाळी घड्याळ धरून धक्क्यावर उभा. पावणेआठ. आलं पाणी! एकटाच टाळ्या पिटल्या.

शु. १३
आज भरती सव्वाबाराला. सहाला गाड्या सोडल्या, धोंडू पुढे. बाराला धक्क्यावर, मचवा समोर डुलतोय. पोती थेट आत. धोंडू कोणाला न विचारता माझा भरतीच्या वेळांचा कागद फेट्यात खोचून फिरत होता.

पौर्णिमा
जिंकलो!! आठच गाड्या, बाराचा माल. शेठजींनी गादीवर शेजारी बसवून पेढा दिला. घरी येईपर्यंत छाती खाली येईना.

वद्य १
शेठजी : "छान. आता कमी करायच्या चार गाड्यांची नावं द्या." चार गाड्या जास्तीच्या, हे मीच सिद्ध केलं होतं. धोंडूचे बैल सगळ्यांत म्हातारे. म्हटलं, त्या चार गाड्यांत मीठ भरून महाडहून वरंधला नेऊ. शेठजी : "आकडे दाखवा. परवापर्यंत."
धोंडू दारात उभा होता. "मास्तर, त्या मिठाच्या कागदात माजी गाडी हाय ना?"
हाय, म्हणालो.
मिठाचं गणित अजून मांडायचंय. वरंधचा चढ बैलांना किती तासांचा, हे आता त्यालाच विचारावं लागणार.