भरतीचा गडी

४ नोव्हेंबर, शनिवार

विभागीय बुद्धिबळ स्पर्धेच्या चार फेऱ्या झाल्या आणि मी अजून एक प्यादंही हलवलेलं नाही! माझं पदच तसं — भरतीचा गडी. खेळाडूंची संख्या विषम झाली की कुणीतरी एक उरतो, आणि त्याला न खेळताच एक गुण द्यावा लागतो. तसं होऊ नये म्हणून क्लब मला खुर्चीवर राखून ठेवतो. श्लोकात अक्षर कमी पडलं की 'च' नाहीतर 'वै' घालतात, तसा मी. अर्थ काही नाही, पण वृत्त सांभाळलं जातं.

संध्याकाळी एक दंतवैद्य दाढदुखीमुळे स्पर्धा सोडून गेला. (स्वतःच्या!) म्हणजे उद्या शेवटच्या फेरीत मी आहे. समोर गुणतक्त्यात तळाला असलेले — पोस्टमास्तर.

५ नोव्हेंबर, सकाळ

पोस्टमास्तर आता निवृत्त. नऊ वर्षं येतात, नऊ वर्षं हरतात. एकूण गुण तीन. तिन्ही मी भरती होण्याआधीचे, न खेळता मिळालेले. घोडा उचलला की त्याच्यावरचा पत्ता वाचत असल्यासारखे थांबतात. काल चहाच्या टेबलापाशी म्हणाले, "अहो, एक गुण खेळून मिळाला ना, की मी सुटलो." हसत होते. डोळे सोडून.

ठरवलं — हरायचं. विसाव्या चालीला वजीर उघड्यावर टाकायचा, अगदी सभ्य नजरचुकीने. आमचा चिटणीस म्हणजे चष्मेवाला; त्याच्या कानात सांगून ठेवलंय. औदार्याला एखादा साक्षीदार असावा!

त्याच दिवशी, संध्याकाळ

हरलो. पण खराखुरा हरलो! सतराव्या चालीला त्यांचा घोडा असा येऊन बसला की एका पायाखाली राजा, दुसऱ्याखाली वजीर. विसाव्याला जो दान करायचा, तो सतराव्यालाच लुटला गेला. दहा मिनिटं पटाकडे बघत बसलो. वाट नव्हती.

निकालाच्या कागदावर सही करून पोस्टमास्तरांनी तो, शिक्का तपासावा तसा, दोनदा वाचला.

घरी हिला सांगितलं. "बरं केलंत हो. खूश झाले असतील."

"अगं, मी खरंच हरलो!"

"हो, हो," म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

८ नोव्हेंबर

चष्मेवाला बोलला. सगळ्या क्लबभर!

९ नोव्हेंबर

पोस्टमास्तर घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले.

"मुद्दाम सोडलात?"

"नाही हो! शपथ."

"मग चष्मेवाला सांगतो ते?"

"ठरवलं होतं. पण माझी पाळीच आली नाही. तुम्हीच आधी मारलंत!"

"भले आहात," म्हणाले. अशी शिवी कुणी दिली नव्हती.

"पुन्हा खेळू या. सगळ्यांसमोर."

"कशाला? जिंकलात, तर लोक म्हणतील, तेव्हा डाव सोडला होता. हरलात, तर आताही सोडला." जिना उतरता उतरता म्हणाले, "तो गुण काढून टाका म्हणून अर्ज दिलाय. शनिवारी समितीपुढे येईल."

दोन्हीकडून फास असलेली दोरी संस्कृत पाठशाळेत 'उभयतःपाशा रज्जुः' हा न्याय म्हणून घोकली होती. गळ्यात आज पडली.

१० नोव्हेंबर

पुरावा एकच — ही वही. पाच तारखेची सकाळ आणि पाच तारखेची संध्याकाळ, एकाखाली एक. पण ती पानं दाखवायची म्हणजे घोड्याच्या पत्त्याची थट्टाही दाखवायची. औदार्याची फुशारकी तर त्याहून वाईट! जन्मात ही वही कुणाला दाखवली नाही. हिलासुद्धा नाही.

पानं फाडून नेली तर म्हणतील, घरी बसून लिहून आणली.

अख्खी वहीच पोस्टमास्तरांना देऊन येतो.

१३ नोव्हेंबर

वही टपालाने परत आली. दोन गल्ल्यांपलीकडून! अर्ज मागे घेतलाय म्हणे. पाच तारखेच्या संध्याकाळच्या समासात, ठसठशीत अक्षरात — "सतरावी नव्हे. चौदाव्या चालीला उंट हलवलात, तेव्हाच डाव गेला होता. सतरावी ही फक्त पोच."

पट मांडून पाहिला. खरंच की!