मेंदूचा गिलावा

१२ तारीख, रविवार

वहिनी,

फोन मध्येच ठेवून दिला म्हणजे विचारलेलं संपत नाही. म्हणून लिहितोय. मी बरा आहे, तुम्ही आणि छोटी बऱ्या असाल असं धरून चालतो.

तर पुन्हा विचारतो. दादाच्या मेंदूला सूज आहे म्हणता, मग माझ्या मित्राला, चष्म्याला, तो दवाखान्यात खाटेवर बसून दाढी करून घेताना कसा दिसला? डोकं तर होतं तेवढंच. रक्तदाबाच्या गोळीनं रक्तातलं मीठ उतरलं, आणि डॉक्टर ते आठवडाभर थेंब थेंब चढवतायत. मीठच ना ते, की सोनं? समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर एका रात्रीत भरून देतो म्हणतो. तुम्ही मात्र डॉक्टरांपुढे नुसती मान डोलावता. रोजचं खाटेचं भाडं कुणाच्या खिशात जातं? आणि तुमचं शिलाई मशीन कुठं गेलं? छोटी म्हणते, "काका, मशीन फिरायला गेलंय." पोरीला खोटं बोलायला कोण शिकवतं?

मंगळवार

पाकीट बंद करायचं राहिलं, बरं झालं.

सध्या एका प्रयोगशाळेत गिलाव्याच्या कामावर आहे. पाइप फुटून भिंत ओली झाली, गिलावा पोट काढून बसला होता. तिथल्या मॅडम उंदराच्या मेंदूची पातळ चकती खारट पाण्यात जिवंत ठेवतात आणि पडद्यावर बघत बसतात. काल फोनवर कुणाला तरी म्हणाल्या, "ग्लियाला सूज आलीय." मला ऐकू आलं गिलाव्याला. थापी घेऊन धावलो. "कुठं, मॅडम? शनिवारीच तर ओढलाय!"

हसून हसून त्यांची पुरेवाट. मग म्हणाल्या, "फार चुकला नाहीस. मेंदूत विचार करणाऱ्या पेशींभोवती त्यांना सांभाळणाऱ्या पेशी असतात, त्या ग्लिया. भोवतीच्या पाण्यात मीठ कमी झालं की त्या पाणी ओढून फुगतात." कवटी पडली हाडाची. दाटी होते ती आतच. म्हणून डोकं तेवढंच दिसतं.

मी दादाचं सांगितलं. संशय होताच, ह्यासुद्धा डॉक्टरांच्याच गटातल्या. "मग भसाभसा मीठ द्या की!" म्हटलं.

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. चकतीभोवतीच्या पाण्यातलं मीठ त्यांनी मुद्दाम कमी केलं होतं, आणि फुगलेली पेशी त्याच पाण्यात हळूहळू बारीक होत होती. "जवळचं साठवलेलं बाहेर टाकते," म्हणाल्या, "घरातलं सामान काढून जागा करावी तशी. मग पाणीही निघून जातं." आणि त्यांनी पहिल्याइतकं खारट पाणी एकदम सोडलं. पेशीचा मनुका झाला.

"आता तिच्याजवळ काही उरलं नाही ना. परत साठवायला वेळ लागतो. माणसात अशी घाई केली तर मज्जातंतूंवरचं आवरण जाऊ शकतं. हातपाय, वाचा, कधी जीवही."

ओला गिलावा कडक उन्हात झटकन वाळला की भेगा पडतात. हे मला कुणी शिकवायला नको होतं.

वहिनी, गुरुवारी चष्मा गाडी घेऊन येणार होता. तुम्ही आंघोळीला घरी गेलात की दादाला समोरच्या दवाखान्यात हलवायचं, असं आमचं ठरलं होतं. तो दोनदा फळं घेऊन आला तो प्रेमानं नाही, मी पाठवला होता. काल त्याला नको म्हणून सांगितलं. तरी गुरुवारी दादाजवळून हलू नका. कंपाउंडर त्याचा मेहुणा निघाला, आणि आता माझा चष्म्यावरही भरवसा नाही. मिठाचा आकडा रोज विचारा. एकदम जास्त चढला तरी भांडा.

माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पाकीट ट्रकवाल्या मामांकडे देतोय. उद्या हातात पडेल.

मशीन कुणाला विकलंत, ते चष्म्यानं मला आधीच शोधून सांगितलं होतं. ठाऊक असून वर विचारलं, तुम्ही काय सांगता ते बघायला. ते परत आणा. छोटीला म्हणावं, फिरणं पुरे झालं.

बिलं मला पाठवू नका.

तुमचा संशयी दीर

सोबत दादाच्या दवाखान्यासाठी नऊ हजार. मशीनचे वेगळ्या कागदात बांधलेत, तुमच्या हातात पडले होते तेवढेच, चार हजार दोनशे.