नवा आराखडा आणि बटणांचा डबा

२ जानेवारी
पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र आजपासून माझ्याकडे. वीस वर्षं हिचा विषय होता. ही जाऊन तीन महिने झाले. मी आता ठीक आहे. विभागप्रमुखांनाही तसंच सांगितलं. ते म्हणाले, फेब्रुवारीच्या चाचणीत निम्मे तरी पास करा, नाहीतर हा वर्ग बंद करून व्हिडिओ लावू. म्हटलं, निम्मे कशाला? ऐंशी टक्के करून दाखवतो.
लाँड्रीवाल्याने स्वेटरचं निळं बटण हरवलं. आधीपासूनच नव्हतं म्हणतो. खोटारडा.

५ जानेवारी
साठ मुलं. एकीला दिसत नाही. एक बेकरीतलं काम उरकून थेट वर्गात येतो आणि पेंगतो. एक बाई बारा वर्षांनी शिकायला आल्यात. सगळ्यांना सामावून घेणारा आराखडा करणार. आज समास आखले.

९ जानेवारी
मुलांची पार्श्वभूमी कळावी म्हणून अकरा पानी प्रश्नावली वाटली. तीन परत आल्या. एकीच्या मागे किराण्याची यादी.

१२ जानेवारी
लॅबमधलं हिचं कपाट उघडलं. समोरच बटणांचा डबा. जुनं साहित्य नव्या आराखड्यात बसत नाही. लॅबच्या शिपाईकाकांना सगळं फेकायला सांगितलं. म्हणाले, सर, एकदा बघून तरी घ्या. म्हटलं, वेळ नाही. कपाटात धूळ फार. डोळे चुरचुरतायत अजून.

२० जानेवारी
अठ्ठेचाळीस स्लाइड्स तयार. रंगीत अणू! दिसत नसलेल्या मुलीने विचारलं, सर, लाल कुठला? म्हटलं, डावीकडचा.

४ फेब्रुवारी
वर्गात अकरा जण. बाकीचे स्वयंअध्ययन करत असणार. आराखड्याचा हेतूच तो.

१५ फेब्रुवारी
साठांत एकोणीस पास. आराखडा रुजायला वेळ लागतो, हे प्रमुखांना पटेना. जूनपासून व्हिडिओ. विनवण्या केल्या. हिचा विषय आहे हो, म्हणालो.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच
मी शिकवलेलं काय समजलं ते विचारायला त्या एकोणिसांना शोधत निघालो. सगळे लॅबमध्ये. काकांनी डबा फेकलाच नव्हता. चार भोकांचं बटण कार्बन, दोन भोकांचं ऑक्सिजन. जितकी भोकं तितके दोरे, म्हणजे तितके बंध. काका ओशाळून म्हणाले, मॅडम असंच शिकवायच्या, दारात उभं राहून ऐकलंय. दिसत नसलेली मुलगी बोटांनी चाचपून बारा वर्षांनी आलेल्या बाईंना दाखवत होती. बेकरीवाला चक्क जागा.
मुलीने माझ्या तळहातावर एक बटण ठेवलं. म्हणाली, सर, ओळखा.
दोन भोकं. निळं. माझ्या स्वेटरचं.
ऑक्सिजन, म्हणालो.
बरोबर, म्हणाली. आता परत द्या, ही आधीच कमी पडतात.
दिलं.