प्रेरणाचा पासपोर्ट आणि तुझं काजळ

मुकुंदवाडी, छ. संभाजीनगर
रविवार

ती. सौ. पद्मजाताईस,

धाकट्या वैजनाथचा पाया पडून नमस्कार. परभणीत तुझे गुडघे आणि भाऊजींचं ब्लडप्रेशर आपापल्या जागी असावेत. इकडं सगळं ठीक, फक्त तुझ्या काजळानं सरकारला अडचणीत आणलं होतं.

मंदार जर्मनीत रीतसर परवान्यावर नोकरी करतो, तरी त्याच्या तान्ह्या लेकीला तिकडं जायला स्वतःचा पासपोर्ट, स्वतःचा व्हिसा लागतो. (प्रेरणाला अजून कुशीवर वळता येत नाही, पण देश बदलायला निघाली.) फोटोच्या दिवशी तू फोनवर बजावलंस, पोर चारचौघांत चाललीय, गालाला तीट लाव. मी लावली, चांगली रुपयाएवढी. कचेरीतल्या बाईंनी फोटो परत केला, चेहऱ्यावर काही चालत नाही म्हणाल्या. पुन्हा फारूखच्या स्टुडिओत. तुझं घरचं काजळ पुसायला गेलो तर गालभर पसरलं. "काका, गोडं तेल लावा, नाय तर ते लई वेळ निघत नसतं," फारूख म्हणाला. तेल चोळता चोळता पोर गाढ झोपली. आणि फोटोत डोळे तर उघडे हवेत! सुनेनं, म्हणजे नीरजानं, हाका मारल्या, फारूखनं खुळखुळा वाजवला. शेवटी मी, निवृत्त मुख्याध्यापक, कॅमेऱ्यामागं उभा राहून कुत्र्यासारखा भुंकलो. तिनं टक्क डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं आणि तोच फोटो पास झाला. पासपोर्ट पाच वर्षांचा आहे. म्हणजे पाच वर्षं ती त्यात माझ्याकडंच बघणार. मला फार बरं वाटलं.

व्हिसाच्या अर्जात व्यवसाय विचारला होता. मी 'दूध पिणे' सुचवलं, नीरजा खूप हसली. पुढं तिकडं किती काळ राहणार असं होतं. 'वडिलांचा परवाना असेपर्यंत' असं तिनं लिहिलं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

काल व्हिसा आला. गुरुवारी दोघी निघतील. मंदारनं लेकीला अजून फोनवरच पाहिलंय, तेव्हा जायलाच हवं. नीरजा विचारत होती, झोळी काढून ठेवू का. मी राहू दे म्हणालो. (हूक गंजलाय, उगाच छताचा गिलावा पडायचा.)

तुझा,
वैजनाथ

ता. क. माझी काळजी करू नकोस. शेजारच्या भामाबाई डबा देणार आहेत, टीव्ही आहे, एकटा मजेत राहीन.

ता. क. दुसरा. शुक्रवारी येतेस का? आठ दिवस तरी. कोणत्या गाडीनं ते कळवलं नाहीस तरी चालेल, मी सकाळपासून स्टेशनवरच बसलेला असेन. घरात बसवणार नाही.