अण्णांच्या ऑपरेशनचा मुहूर्त

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसाच्या शेजारी बसणाऱ्यानं नोंद ठेवावी. चनबसप्पा अण्णा, माजी आमदार, अकरा वर्षं माझ्या शब्दाशिवाय गाडीसुद्धा बदलत नाहीत. ३० तारखेला कुंभारी रोडला त्यांच्या टॉवेल कारखान्याचं उद्घाटन. फ्लेक्सवर अण्णांच्या शेजारी माझा फोटो. खाली 'राजगुरू शिवानंद स्वामी'. शब्द मीच सुचवला.
संकल्प : अहंकार सोडणे.

८ नोव्हेंबर, शनिवार
अण्णांच्या छातीत दुखलं. तीन ब्लॉक निघाले. सून संस्कृती डॉक्टर आहे. म्हणे, याच आठवड्यात बायपास करा. म्हणजे उद्घाटन बोंबललं. अर्थात तो विचार माझ्या मनात आला नाही. मी पंचांग बघितलं. तीसपर्यंत काळ वाईट.
अण्णा म्हणाले, "स्वामी, तुमी म्हणाल तसं."
संस्कृती हात जोडून म्हणाली, "एकदा तरी त्यांना सांगा, यातलं मला कळत नाही." डॉक्टर लोकांना धीर नसतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
अण्णांना जिना चढवेना. माझा काढा सुरू केला. गुण आहे. चेहरा भरलाय.
संस्कृती म्हणते ती सूज आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार, अमावस्या
सकाळी सातला आमची बायको चंद्रव्वा भांडी घासता घासता खालीच बसली. घाम, डावा हात धरलेला. रिक्षा मिळेना. शेजारच्या मौलाच्या टेम्पोतून नेलं. डॉक्टरांनी फॉर्म पुढे केला, न वाचता सही केली. साडेनऊला स्टेंट. वाचली.
अमावस्येचं दुपारी आठवलं. बायकांची पत्रिका वेगळी बघावी लागते.

२२ नोव्हेंबर, शनिवार
बातमी अण्णांच्या बंगल्यावर पोचलीच. अण्णांनी आधी विचारलं, वहिनी बऱ्या हायत का? बऱ्या आहेत म्हणालो. मग म्हणाले, "परवा अमावस्या होती की, स्वामी."
मी बायकांच्या पत्रिकेचं समजावलं. अण्णा हसले. हसता हसता खोकला लागला, थांबेना. मग सुनेला हाक मारून म्हणाले, उद्या पुण्याला जाऊ.
मला विचारलं नाही. हरकत नाही. तीसपर्यंत परत येतील.

२३ नोव्हेंबर, रविवार
पुण्याच्या वाटेवर, टेंभुर्णीच्या अलीकडे अण्णा गाडीतच गेले. ड्रायव्हर सांगत होता, संस्कृती कितीतरी वेळ छाती दाबत होती.
मी आधीच म्हणालो होतो, काळ वाईट आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार
अंत्यविधीला अक्कलकोटहून दुसरे एक स्वामी बोलावलेले. मी पुढे झालो तर संस्कृती म्हणाली, "तुम्ही मागे थांबा." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.
मागे थांबलो. ऊन फार होतं.

३० नोव्हेंबर, रविवार
दिवसभर घरी. फोन नाही.
जेवताना चंद्रव्वानं विचारलं, मला नेताना पंचांग का न्हाय बघितलं? वेळ नव्हता म्हणालो.
"त्यास्नी तरी कुटं होता?"
मी म्हणालो, त्यांचा मी गुरू होतो, तुझा नवरा आहे. बोलून गेलो आणि हातातला घास ताटात ठेवला. ती म्हणाली, "हे त्यांच्या सुनेला जाऊन सांगा."
उठलो. शर्ट बदलला. बंगल्याच्या वळणापर्यंत गेलो. तिथल्या डेअरीतून अर्धा लिटर दूध घेतलं आणि परत आलो.