शुक्रवारची माणसं

माकुणसार, शनिवार

प्रिय भावेश,

आईचे गुडघे बरे आहेत. वाडीतले जाम यंदा वटवाघळांनीच खाल्ले.

दोन वर्षांपूर्वी तू तुझ्या प्रयोगशाळेतली नखाएवढी चिप पाठवली होतीस. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण आहेत, त्यांच्यावर बसलेला विद्युतभार वीज गेली तरी हलत नाही, म्हणून तिच्या लक्षात राहतं, असं तू समजावलंस. "ताई, काहीतरी भर आणि ठेवून दे. किती टिकतं बघायचंय." हाताशी होता तो बोईसरच्या चाळीचा पहिला आराखडा मी भरला.

पहिल्या चार रेघांतच इमारतीचे धोके दाखवणारा प्रोग्रॅम तेव्हा नवा घेतला होता. जुनी चाळ पाडून कामगारांसाठी नवी बांधायची होती. मी खाटा मोजत होते, तर खानावळवाली ज्ञानेश्वरी हसली, "खाटा काय मोजता ताई? आमच्याकडं खाट थंड होतच नाय. दिवसपाळीवाला उठला का रातपाळीवाला पडला." खाटा अठ्ठेचाळीस. मी माणसं शहाण्णव लिहिली, कारण शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, दोन्ही पाळ्या घरात. पडदा लाल झाला. दुसरा जिना हवा. मालक नरहरीशेठ म्हणाले, "जिना भाडं देतो काय, ताई?"

मी वाद घातला नाही. शहाण्णव पुसून अठ्ठेचाळीस केले. पडदा हिरवा झाला आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं आता विसरता येत नाही.

नव्या चाळीला आग शुक्रवारी लागली, हे तू बातमीत वाचलं असशील. जिन्याखालच्या मीटरपासून. अकरा जण गेले, त्यात ज्ञानेश्वरी. चौकशीत मी अठ्ठेचाळीसच सांगितले. साहेब म्हणाले, "मॅडम, माणसं जास्त कोंबली, त्यात तुमची काय चूक?" मी मान डोलावली. घरी येऊन कॉम्प्युटरवरचा पहिला आराखडा पुसला.

आता तो फक्त तुझ्या चिपमध्ये आहे. जोडून बघायचा धीर होत नाही. आठ दिवस ती देव्हाऱ्यात ठेवलीय आणि रोज हात जोडून मी एकच मागते, ते कण विसरले असोत. असं मागणाऱ्या बाईच्या हातात ती राहू नये, म्हणून सोबत पाठवतेय. लक्षात असेल तर चौकशीला दे. विसरली असेल तर हे पत्र दे. आईला मात्र तूच येऊन सांग.

तुझीच,
जागृतीताई