पूर्वेकडचा पत्रा

३ मार्च
आले एकदाची! दादा वारला, त्याचं घर आता माझं. दादा हौशी रेडिओवाला. परसात त्याचा शंभर फुटी मनोरा आहे, आणि विमानतळ जवळ म्हणून टोकाला लाल दिवा. भाची टपालाचं छोटं विमान चालवते. रोज दिवेलागणीला पश्चिमेकडून येऊन इथेच उतरते. किल्ली देताना म्हणाली, आत्या, बाबा आधी मनोऱ्याचा दिवा लावायचे, सेटवर सांगायचे 'दिवा लागला', मग घरातले दिवे. तेवढं चुकवू नकोस. मी म्हटलं, अगं, कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टर दिव्यांची पाळी माझ्यावरच सोपवायच्या! संध्याकाळी बटण दाबलं, मुक्या सेटला सांगितलं. डोळे भरून आले.

९ मार्च
पूर्वेकडची शेजारीण आली. लाल उजेडाने तिचं तान्हं दचकून उठतं. तुमची विमानं सुखरूप, आमच्या झोपेचं खोबरं, असा टोमणाही मारला. बाळच ते! वायरमनकडून दिव्याला तिच्या बाजूने पत्रा बांधून घेतला. तो कुरकुरला, बाई, हा दिवा चहूकडून दिसायला हवा. मी म्हटलं, विमान तर पश्चिमेकडून येतं ना?

१२ मार्च
नेहमीसारखं सांगितलं, दिवा लागला. सेटमधून उत्तर आलं, दिवा दिसत नाही. आवाज दादाचा. जुनी टेप असेल. सेट बंद केला.

१४ मार्च
प्लग काढलाय, तरी आवाज येतोच. आज दादा नव्हता, भाची होती. 'आत्या, दिवा दिसत नाही.' लगेच फोन लावला. ती घरी जेवत होती, हसली. म्हणाली, आत्या, आहे अजून मी! मग सहज सांगितलं, उद्यापासून पूर्वेकडून उतरायचंय. पत्र्याचं सांगायला माझी जीभ रेटेना. सकाळी काढून घेईन.

१५ मार्च, दुपार
वायरमन गावाला गेलाय. दुसरा कोणी चढायला तयार नाही. भाचीचा फोन बंद. विमानतळावरचा कारकून म्हणाला, ती निघाली कधीच, निरोप देतो — दिला का? आता तोही उचलत नाही.

तिन्हीसांज
चढले. सातव्या पायरीवरून खाली पाहिलं — उतरले. घरातले सगळे दिवे लावलेत. वरून तिला काय दिसणार —

ढग उतरलेत. पूर्वेकडून घरघर. शेजारणीचं बाळ शांत झोपलंय.

सेट बोलतोय. भाची. आत्या म्हणत नाही आता. म्हणतेय, बाबा, तुम्ही दिसलात, पण दिवा —